बायोडिझेल धुताना मधला पांढरा थर का सुटत नाही?

तळणीच्या वापरलेल्या तेलापासून बायोडिझेल करणाऱ्यांची एक तक्रार वर्षभर ऐकू येते आणि पावसाळ्यात तर फारच. गरम तेलात मिथेनॉल आणि कॉस्टिक घालून केलेली रिॲक्शन नीट झाल्यासारखी वाटते. रात्रीत खाली तपकिरी ग्लिसरीन बसतं, सकाळी कॉक उघडून ते काढलं जातं. वरचं पिवळं इंधन धुवायला पाणी सोडलं की सगळी टाकी ताकासारखी पांढरी होते. दुसऱ्या दिवशी बघावं तर वर थोडं इंधन, खाली थोडं पाणी आणि मध्ये हातभर जाड पांढरा थर. तो फेकला तर मालाचा मोठा हिस्सा जातो, ठेवला तर पुढच्या धुण्यात तो आणखी फुगतो. मग कुणी म्हणतं हळू ढवळा, कुणी म्हणतं फवाऱ्याने धुवा, कुणी म्हणतं मीठ टाका. ती बॅच कशीबशी निभावते आणि पुढच्या बॅचला तेच पुन्हा समोर येतं.

पुन्हा पुन्हा येतं, कारण दोष धुण्यात शोधला जातो. चांगल्या झालेल्या बायोडिझेलमध्ये पाणी घालून बाटली जोरात हलवली तरी अर्ध्या तासात दोन्ही वेगळी होतात. जी बॅच वेगळी होत नाही तिच्यात पाणी पडण्याआधीच काहीतरी राहून गेलेलं असतं. धुण्याने ते फक्त उघडकीला येतं.

तेल आणि पाणी एकमेकांत अडकवून ठेवणारे पदार्थ इथे तीनच. पहिला साबण. दुसरा अर्धवट बदललेलं तेल, म्हणजे मोनोग्लिसराइड आणि डायग्लिसराइड. तिसरा कच्च्या, न शुद्ध केलेल्या तेलातला डिंकासारखा चिकट अंश, ज्याला तेलगिरणीवाले गम म्हणतात. टाकीत यांपैकी कोण बसलंय हे ओळखलं की उपाय सरळ असतो.

आधी समोरची टाकी

ढवळणं थांबवा. हवेचे बुडबुडे सोडणारा पंप चालू असेल तर तोही बंद करा. मग संपूर्ण टाकीवर काहीही करून बघू नका. मधल्या थरातला थोडा माल काचेच्या तीन बरण्यांत घ्या. पहिली बरणी नुसती गरम पाण्यात उभी करा, ५५ ते ६० अंशांपर्यंत. दुसरीत पेलाभर गरम पाण्यात दोन चमचे मीठ विरघळवून ते ओता आणि बरणी अलगद उलटसुलट करा. तिसरीत व्हिनेगरचे थोडे थेंब टाका. अर्धा तास थांबा.

व्हिनेगरने थर झटकन फुटला तर मुख्य गुन्हेगार साबण. व्हिनेगरचा विशेष परिणाम नाही, पण ऊब आणि मीठ यांनी हळूहळू सुटतोय, तर अर्धवट रिॲक्शनचा संशय घ्या. हा अंदाज आहे, पक्की चाचणी पुढे येते.

टाकीसाठी मी नेहमी ऊब आणि मीठ हाच मार्ग आधी सांगतो. मिठाच्या पाण्यानंतर साध्या पाण्याने दोनदा तरी धुतलंच पाहिजे, कारण मिठाचा अंश इंधनात राहिला तर फ्युएल पंप आणि नोझल गंजतात. ॲसिडने काम लवकर होतं, पण त्याची किंमत असते. ॲसिड साबणाचं पुन्हा मुक्त फॅटी ॲसिड (तेल तुटून सुटं झालेलं आम्ल) करतं आणि ते पाण्याबरोबर न जाता इंधनात मिसळतं. भारतीय मानक आयएस १५६०७ प्रमाणे बायोडिझेलची आम्लता एका ग्रॅमला ०.५० मिलिग्रॅम केओएचपेक्षा (म्हणजे कॉस्टिक पोटॅशपेक्षा) जास्त चालत नाही. थर फुटला म्हणून आनंद होतो, आणि इंधन मात्र आम्लधर्मी झालेलं असतं. म्हणून ॲसिड सगळ्यात शेवटी, आणि तेही अगदी थोडं.

काहीच लागू पडलं नाही तर झगडू नका. पाणी सुटेल तेवढं काढा, उरलेला माल गरम करून पूर्ण कोरडा करा आणि त्याला कच्चं तेल समजून पुन्हा टायट्रेशन (तेलातलं मुक्त ॲसिड मोजण्याची चाचणी, कृती पुढे आहे) करून रिॲक्शनला घ्या. कोरडा हा शब्द इथे फार महत्त्वाचा. ओल राहिली तर दुसऱ्यांदाही साबणच तयार होईल.

पक्की चाचणी: ३ मिली इंधन, २७ मिली मिथेनॉल

बायोडिझेल करणाऱ्या प्रत्येकाने ही चाचणी ग्लिसरीन काढल्याबरोबर, पाण्याचा थेंब पडण्याआधी केली पाहिजे. स्वच्छ कोरड्या नळीत २७ मिली मिथेनॉल घ्या, त्यात ३ मिली इंधन टाका, झाकण लावून हलवा आणि थांबा. बायोडिझेल मिथेनॉलमध्ये पूर्ण विरघळतं, न बदललेलं तेल विरघळत नाही. तळाशी थेंब जमला किंवा सगळं गढूळ राहिलं तर तेल शिल्लक आहे.

ही चाचणी साधारण २० अंशांना करायची असते. मिथेनॉल गरम असेल तर जास्त तेल विरघळवतं आणि नापास बॅच पास दिसते. विदर्भात किंवा मराठवाड्यात मे महिन्याच्या दुपारी शेडमध्ये पारा ४० च्या वर असतो. तिथे नळी आणि मिथेनॉल दोन्ही माठाच्या पाण्यात गार करूनच निकाल बघा.

या चाचणीची मर्यादाही लक्षात असू द्या. मोनो आणि डायग्लिसराइड मिथेनॉलमध्ये बऱ्यापैकी विरघळतात, म्हणून पास झालेला नमुना मानकात बसलाच असं होत नाही. एकूण ग्लिसरीन ०.२५ टक्क्यांच्या आत आहे का, हे प्रयोगशाळाच सांगू शकते. पण तळाशी थेंब दिसला तर मधल्या पायरीवरचे पदार्थही भरपूर शिल्लक आहेत हे नक्की, आणि इमल्शन, म्हणजे तेल-पाण्याचा तो पांढरा थर, तेच धरून ठेवतात.

चाचणी नापास, तर रिॲक्शन अर्धवट. चाचणी पास आणि तरी पांढरा थर, तर बहुधा साबण, आणि तेल घाण्याचं कच्चं असेल तर गमही. निदान एवढंच.

रिॲक्शन अर्धवट का राहते

तेलाच्या एका रेणूला फॅटी ॲसिडच्या तीन साखळ्या असतात. मिथेनॉल त्या एकेक करून सोडवतं: आधी डायग्लिसराइड, मग मोनोग्लिसराइड, मग ग्लिसरीन. तिन्ही पायऱ्या उलट्या दिशेनेही जाऊ शकतात. कागदावर १०० लिटर तेलाला साडेबारा लिटरच्या आसपास मिथेनॉल पुरतं, पण तेवढंच घातलं तर रिॲक्शन मध्येच तोल साधून थांबते. ती पुढे रेटायला २० ते २२ लिटर लागतं.

पुष्कळांच्या वहीत २० लिटर लिहिलेलं असतं आणि तरी बॅच नापास होते. बहुतेक वेळा ते मिथेनॉल तेलापर्यंत पोहोचलेलंच नसतं. मिथेनॉल ६४.७ अंशांना उकळतं. ड्रमचं तोंड उघडं असेल आणि तापमान साठीच्या वर गेलं असेल तर ते हवेत जातं. थर्मामीटर ड्रमच्या वरच्या भागात आणि हीटर तळाशी असेल तर वर ५५ दिसताना तळाशी उकळी चालू असू शकते. म्हणून भांडं बंद हवं, वाफेला कंडेन्सरमधून वाट हवी, आणि तापमान ५५ ला धरायचं.

दुसरं कारण ढवळणं. तेल आणि मिथेनॉल सुरुवातीला एकमेकांत मिसळत नाहीत, वरखाली राहतात. पहिली काही मिनिटं ढवळणं जोरदार नसेल तर घड्याळात तास भरतो आणि भांड्यात निम्मंच काम झालेलं असतं. थंडीत नाशिक-पुण्याकडे तेल ४० अंशांवरच घेऊन घाई केली जाते, तिथेही हेच. ५५ अंशांना किमान एक तास, आणि तेल जुनं असेल तर दीड-दोन तास द्या.

यावर सगळ्यात भरवशाचा उपाय म्हणजे दोन टप्पे. मिथेनॉल आणि उत्प्रेरकाचं (रिॲक्शन चालवणाऱ्या कॉस्टिकचं) मिश्रण एकदम न ओतता ८० टक्के आधी द्या. तासाभराने थांबवा, ग्लिसरीन बसू द्या, काढून टाका, मग उरलेलं २० टक्के देऊन पुन्हा तासभर चालवा. ग्लिसरीन भांड्यातून गेलं की रिॲक्शनला मागे ओढणारी बाजू हलकी होते. मेहनत थोडी वाढते, पण सतत नापास होणाऱ्या बॅचा यातून सुधारतात.

आधीच नापास झालेली, पण अजून पाणी न पडलेली बॅच असेल तर ग्लिसरीन काढून, तेलाच्या ५ टक्के मिथेनॉल आणि दर लिटरला सुमारे दीड ग्रॅम कॉस्टिक पोटॅश घेऊन तिला पुन्हा चालवा. मग ३ आणि २७ ची चाचणी परत.

साबण कुठून येतो

वडापाव, भजी, फरसाण यांच्या कढईतलं तेल तासन्‌तास १७०-१८० अंशांवर असतं आणि त्यात सतत ओला बटाटा, ओलं पीठ पडत असतं. पाण्याच्या वाफेने तेल तुटतं आणि मुक्त फॅटी ॲसिड तयार होतात. उत्प्रेरक म्हणून आपण घालतो तो अल्कली आधी या ॲसिडला भिडतो आणि साबण करतो. १०० लिटर तेलात २ टक्के मुक्त ॲसिड असेल तर एवढ्या एका कारणाने सुमारे दोन किलो साबण तयार होतो. वर त्या क्रियेत शंभर ग्रॅमहून जास्त पाणीही सुटतं, आणि ते पाणी पुढे आणखी साबण करायला मदत करतं.

म्हणून टायट्रेशन चुकवायचं नाही. एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात एक ग्रॅम, तुम्ही रिॲक्शनला वापरणार तेच कॉस्टिक विरघळवा. १० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये १ मिली तेल, दोन-तीन थेंब फिनॉल्फ्थॅलिन (अल्कलीत गुलाबी होणारं द्रावण), आणि गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकेपर्यंत हे द्रावण थेंबथेंब. जितके मिली लागले तितके ग्रॅम जास्तीचं कॉस्टिक दर लिटर तेलाला. हा आकडा मूळ मापात मिळवायचा. कॉस्टिक सोड्याचं मूळ माप लिटरला साडेतीन ग्रॅम. कॉस्टिक पोटॅशचं शुद्ध धरून ४.९ ग्रॅम, पण बाजारातलं फ्लेक ८५ ते ९० टक्केच शुद्ध असतं, म्हणून साडेपाच ते सहा ग्रॅम धरा. (खताच्या दुकानातलं पोटॅश हा वेगळा पदार्थ आहे, त्याचा इथे काही उपयोग नाही.)

टायट्रेशनमध्ये दोन जागी फसायला होतं. एक, आयसोप्रोपिल अल्कोहोल स्वतः किंचित आम्लधर्मी असू शकतं. तेल न घालता आधी त्याचंच टायट्रेशन करून तो आकडा वजा करा. दुसरी गोष्ट आपल्याकडच्या तळणीची. बटाटेवड्याच्या तेलात हळदीचा रंग उतरलेला असेल तर हळद स्वतःच अल्कलीत लाल होते, आणि तेही फिनॉल्फ्थॅलिनच्या जवळपासच. पिवळ्यावरून तांबूस झालेला रंग गुलाबी समजला जातो आणि आकडा कमी भरतो. तेल फार पिवळं असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल वाढवून पातळ करा, खाली पांढरा कागद धरा, आणि न टायट्रेट केलेला नमुना शेजारी ठेवून रंग पडताळा. तीन वेळा करून सरासरी घ्या.

कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणाने आकडा ४-५ मिलीच्या वर जायला लागला, म्हणजे मुक्त ॲसिड अडीच टक्क्यांच्या आसपास, तर नुसतं कॉस्टिक वाढवत जाणं थांबवा. हिशोब बरोबर असला तरी साबणाचं प्रमाण एवढं होतं की धुणं अशक्य बनतं आणि इंधनाचा उतारा घटतो. अशा तेलात चांगलं तेल मिसळून आकडा खाली आणा. किंवा मागच्या बॅचचं ताजं ग्लिसरीन वापरा. त्यात शिल्लक उत्प्रेरक असतो. गरम जुन्या तेलात ते अर्धा-एक तास ढवळून बसू दिलं की मुक्त ॲसिडचा बराच भाग साबण होऊन ग्लिसरीनबरोबर खाली जातो, आणि तेलातलं पाणीही काही प्रमाणात ओढलं जातं. ग्लिसरीन काढून पुन्हा टायट्रेशन केलं की फरक दिसतो. छोट्या उत्पादकासाठी हा मार्ग मला फार मोलाचा वाटतो, कारण तो फुकट आहे. सल्फ्युरिक ॲसिडने आधीची एक रिॲक्शन करून घेणं हा मोठ्या प्लांटचा मार्ग, तो योग्य भांडी आणि प्रशिक्षित माणूस असल्याशिवाय नको.

पावसाळ्यात हे का वाढतं

जून ते सप्टेंबर, विशेषतः कोकणपट्टीत आणि मुंबईत, हीच कृती, हेच तेल, हाच माणूस आणि तरी प्रत्येक बॅच फसते. कारण पाणी तीन वाटांनी आत येतं.

पहिली वाट तेलाची. उघड्यावर ठेवलेल्या डब्यांत पावसाचं पाणी जातं, हॉटेलवाला भांडी विसळून डब्यात ओततो. तेल वरून स्वच्छ दिसतं. थोडं तेल छोट्या भांड्यात १२० अंशांच्या वर तापवा, तडतडलं तर पाणी आहे. १०० लिटर तेलात अर्धा टक्का, म्हणजे जेमतेम अर्धा लिटर पाणी असलं तरी कागदावरच्या हिशोबाने ते बॅचमधला सगळा उत्प्रेरक साबणात घालवायला पुरेसं आहे. सगळं तेल उकळून वाळवण्यापेक्षा ६० अंशांना गरम करून दिवसभर निवांत ठेवा आणि तळाचं पाणी, बेसनाचा गाळ कॉकमधून काढा. उरलेली ओल मग थोड्या उष्णतेने जाते. जोरात उकळल्याने तेल आणखी तुटतं आणि मुक्त ॲसिड वाढतात.

दुसरी वाट कॉस्टिकची. कॉस्टिक पोटॅशचे फ्लेक दमट हवेत मिनिटांत ओलसर होतात. समजा कोरड्या दिवसांत ९० टक्के असलेला माल पिशवी नीट न बांधल्याने ७५ टक्क्यांवर आला. टायट्रेशनचं द्रावण जुन्या, चांगल्या मालाचं बाटलीत होतं. तुम्ही हिशोबाने ८५० ग्रॅम वजन केलं, तर त्यातलं काम करणारं कॉस्टिक साधारण ७१० ग्रॅम चांगल्या मालाइतकंच असतं, आणि सव्वाशे ग्रॅमच्या आसपास जादा पाणी भांड्यात जातं. म्हणजे रिॲक्शन अर्धवट आणि साबणही, दोन्ही दोष एकाच वेळी. अशा वेळी व्हिनेगरची आणि मिथेनॉलची चाचणी परस्परविरोधी वाटते आणि माणूस गोंधळतो. कॉस्टिक एकदम मोठी गोणी न घेता छोट्या हवाबंद डब्यांत भरून ठेवा, एका वेळी एकच डबा उघडा, गुठळ्या झालेला माल रिॲक्शनला घेऊ नका. टायट्रेशनचं द्रावण पावसाळ्यात ताजं करा आणि चालू डब्यातल्याच मालाचं करा.

तिसरी वाट मिथेनॉलची, आणि तिच्याकडे क्वचितच लक्ष जातं. मिथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. मागच्या बॅचमधून परत मिळवलेलं मिथेनॉल तर बहुधा ओलंच असतं. हायड्रोमीटरने घनता बघा. शुद्ध मिथेनॉलची २० अंशांना ०.७९ असते, त्याहून स्पष्ट वर गेली तर पाणी आहे. असं मिथेनॉल मुख्य रिॲक्शनला वापरू नका.

मोठे प्लांट कॉस्टिक मिथेनॉलमध्ये विरघळवण्याऐवजी तयार सोडियम मेथॉक्साइडचं द्रावण घेतात ते यासाठीच. कॉस्टिक मिथेनॉलमध्ये विरघळताना स्वतःच थोडं पाणी तयार करतं. छोट्या कामात ते टळत नाही, म्हणून बाकीच्या तीन वाटा तरी बंद ठेवायच्या.

मिथेनॉलबद्दल थोडं थांबून

मिथेनॉल हे विष आहे. पोटात गेलं तर डोळे जातात, जीव जातो. कातडीतून आणि वाफेतूनही शरीरात शिरतं. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरहून अधिक माणसं गेली ती मिथेनॉलमुळेच. महाराष्ट्रात त्याच्या खरेदी-साठ्याला परवाना लागतो आणि तो घेतलाच पाहिजे. त्याचा फ्लॅश पॉइंट ११ अंश आहे, म्हणजे आपल्याकडे जवळपास वर्षभर ते पेट घेण्याच्या स्थितीतच असतं, आणि त्याची ज्योत उन्हात जवळजवळ दिसत नाही. गॅसची शेगडी, लाकडाचा जाळ, ठिणगी उडवणारी साधी मोटर यांच्याजवळ हे काम करायचं नाही. स्वयंपाकघरात तर कधीच नाही. हातमोजे, चष्मा, मोकळी हवा, जवळ वाहतं पाणी, मुलांच्या हाताबाहेर कुलूपबंद साठा. ॲल्युमिनियमची भांडीही नकोत, कॉस्टिक त्यांना खातं आणि हायड्रोजन सुटतो. कॉस्टिक नेहमी मिथेनॉलमध्ये थोडं थोडं सोडायचं, मिश्रण तापतं हे लक्षात ठेवून.

घाण्याचं तेल आणि बोअरचं पाणी

करंज किंवा उंडीचं तेल घाण्यावरून आणून थेट रिॲक्शनला घेतात त्यांच्याकडे आणखी एक कारण असतं. न शुद्ध केलेल्या तेलात गम असतात आणि तेही इमल्शन पक्कं करतात. अशा तेलात ६०-७० अंशांना दोन-तीन टक्के गरम पाणी हळू ढवळून बसू द्या. गम पाणी पिऊन जड होतात आणि तळाशी जातात. ते काढा, तेल कोरडं करा, मगच पुढे. करंज-उंडीत मुक्त ॲसिडही बहुधा जास्त असतात, विशेषतः बिया ओल्या किंवा जुन्या असतील तर, म्हणून टायट्रेशनचा आकडा बघून बिचकू नका. तो खराच तेवढा असतो. कोकणात उंडीच्या तेलावर पिढ्यान्‌पिढ्या दिवे जळले आहेत. इंजिन मात्र दिव्यापेक्षा फार काटेकोर असतं.

पाण्याचं म्हणाल तर दख्खनच्या पठारावर बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड असतं. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी मिळून न विरघळणारी साय करतं. ती ना पाण्यात जाते ना इंधनात, मध्ये तरंगते आणि पुढे फिल्टर चोंदवते. मधला थर पांढरा फेसाळ नसून चिकट, दाणेदार आणि तारा धरणारा असेल तर पाणी बदलून बघा. पत्र्यावरून गाळून साठवलेलं पावसाचं पाणी पहिल्या धुण्याला उत्तम.

मग धुवायचं कसं

वरची सगळी कारणं दूर केली तरी थोडा साबण असतोच, तो धुण्याने जायचा. ग्लिसरीन किमान आठ तास, जमलं तर पूर्ण दिवस बसू द्या. घाईने काढलेल्या बॅचमध्ये ग्लिसरीनचे बारीक कण तरंगत राहतात. पहिलं पाणी कोमट, वरून बारीक फवाऱ्याने, अजिबात न ढवळता. ते दुधाळ होऊन खाली येईल, काढून टाका. दुसऱ्या पाण्याला अगदी हलकं ढवळणं किंवा बुडबुडे. तिसऱ्या-चौथ्याला मोकळेपणाने ढवळलं तरी चालतं. खालचं पाणी पारदर्शक आलं आणि त्याचा पीएच साध्या पाण्याइतका आला की थांबा.

धुऊन झालेलं इंधन ढगाळ असेल तर त्यात पाणी आहे. ५०-६० अंशांना उघड्या हवेत पंपाने फिरवत ठेवलं की ते उडतं आणि काचेच्या बरणीपलीकडचं वर्तमानपत्र वाचता येईल इतकं स्वच्छ होतं. मानकात पाण्याची मर्यादा किलोला ५०० मिलिग्रॅम आहे. मिथेनॉल धुऊन गेलेलं असतानाच हे करा, आधी नव्हे.

डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे किंवा विदर्भात अशी स्वच्छ झालेली बरणी सकाळी पुन्हा पांढरी दिसते, आणि लोक धुण्याला दोष देतात. फरसाणवाल्यांचं तेल बहुतेक पामोलिन असतं. पामचं बायोडिझेल १३ ते १६ अंशांच्या आसपासच गोठायला लागतं. उन्हात ठेवून स्वच्छ झालं आणि तापवलेल्या नमुन्यात तडतड नाही, तर ते मेण आहे, पाणी नाही. उपाय धुण्यात नाही. हिवाळ्यात सोयाबीन-सूर्यफुलाचं तेल जास्त घ्या, किंवा साध्या डिझेलमध्ये मिसळण्याचं प्रमाण कमी ठेवा.

ज्यांचा नियमित माल वापरलेल्या तेलाचा आहे त्यांनी हॉटेलवाल्याशी एक गोष्ट ठरवून घ्यावी. १ जुलै २०१८ पासून अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमाने एकूण पोलर घटक (तळून तळून तेल किती खराब झालं याचं माप) २५ टक्क्यांच्या वर गेलेलं तेल पुन्हा तळणीला वापरता येत नाही, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून असं तेल बायोडिझेलकडे वळवण्याची रुको योजना चालू आहे. तेल त्या मर्यादेपाशीच बाजूला काढलं, वेगळ्या झाकणाच्या डब्यात ठेवलं, आणि त्यात भांड्यांचं पाणी पडू दिलं नाही, तर तुमच्याकडे येणाऱ्या मालाचा टायट्रेशनचा आकडा आवाक्यात राहतो. ज्याचं तेल मर्यादेच्या फार पुढे गेलेलं असतं त्यात एकमेकांत गुंफलेले जड रेणू असतात. ते बायोडिझेल होत नाहीत आणि कितीही काळजी घेतली तरी इंधन काळपट, जाडसर येतं. असा माल स्वस्त मिळाला तरी नाकारा.

धुण्याचं पाणी नाल्यात, विहिरीजवळ किंवा शोषखड्ड्यात सोडू नका. पहिल्या धुण्यात मिथेनॉल, साबण आणि कॉस्टिक तिन्ही असतात. ते वेगळ्या टाकीत जमवा, वर तरंगणारं तेल काढून घ्या, पीएच सातच्या जवळ आणा. त्यानंतरही त्याची विल्हेवाट सांडपाणी प्रक्रियेतूनच व्हायला हवी. ग्लिसरीनमधलं मिथेनॉलही बंद भांड्यात, कंडेन्सर लावून परत मिळवल्याशिवाय ते ग्लिसरीन साबण करायला कुणाला देऊ नका. कॉस्टिक पोटॅश वापरत असाल तर ग्लिसरीन फॉस्फोरिक ॲसिडने उदासीन केल्यावर तळाशी बसणारं पोटॅशियम फॉस्फेट खताच्या कामाचं असतं. कॉस्टिक सोड्याच्या ग्लिसरीनमध्ये ही सोय नाही. रोज बॅच काढणाऱ्याने कॉस्टिक निवडताना हा हिशोबही धरावा.